यंत्राची सुटी, माणसाची सुटी: मुंबईच्या गिरण्यांतील विश्रांतीचा इतिहास

विश्रांतीची गरज सर्व काळांत सारखीच असली, तरी ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या हुकमाने घ्यायची, हे प्रत्येक काळातील कामाच्या पद्धतीवरून ठरत आलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा हा प्रश्न या प्रदेशात प्रथमच कायद्याच्या आणि वाटाघाटीच्या भाषेत मांडला गेला. दुपारची अर्ध्या तासाची उसंत, दोन दिवसांच्या कामामधील रात्र, आठवड्यातील एक दिवस आणि वर्षातील काही दिवसांची पगारी रजा या चार गोष्टी पुढे कामगार कायद्यात शेजारी शेजारी बसल्या आणि त्या एकाच तत्त्वातून निघाल्या असाव्यात असे वाटू लागले. वस्तुतः त्या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या लढ्यांतून मिळालेल्या आहेत. गिरणीतील लोकांच्या बोलण्यातही त्या एक नव्हत्या. जेवणाची सुटी वेगळी, रविवारची सुटी वेगळी, हक्काची रजा वेगळी, आणि न सांगता घरी राहून पगार बुडवून घेतलेला खाडा त्याहून वेगळा. या सगळ्यांचा इतिहास एकत्र पाहिला, म्हणजे त्यातून एक धागा हाती लागतो: यंत्र थांबले तरच माणसाला थांबता येईल, अशी सुरुवातीची स्थिती होती, आणि माणसाची विश्रांती यंत्राच्या विश्रांतीपासून सुटी करण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

गिरण्यांपूर्वीच्या महाराष्ट्रात कामाला खंड नव्हता असे नाही. मात्र त्या खंडाचे माप घड्याळात किंवा सात दिवसांच्या आठवड्यात होत नव्हते. शेतकऱ्याचे काम पावसावर आणि पिकाच्या अवस्थेवर चाले, त्यामुळे पेरणी, खुरपणी आणि सुगी यांच्या धांदलीनंतर उन्हाळ्यातील मोकळे दिवस आपोआप येत. दिवसाच्या आत बैलाची दमछाक हेच माणसाच्या विश्रांतीचे माप असे, कारण नांगर असो वा विहिरीवरची मोट, जनावर थकले की औत सोडावेच लागे आणि मग बैल वैरणीला लागला म्हणजे मोट हाकणारा झाडाखाली टेकत असे. अमावास्येला नांगर न धरण्याची रीत अनेक ठिकाणी होती, काही भागांत सोमवारी बैल जुंपत नसत, आणि पोळ्याच्या दिवशी तर बैलाच्या मानेवर जू ठेवणे सर्वत्र निषिद्ध मानले जाई. कारागिरांच्या बाबतीत आठवडे बाजाराचा दिवस, जत्रा, सण आणि घरातील कार्ये यांनी कामाचे दिवस तोडले जात. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की त्या दिवशी ती हाती धरायची नाहीत, हा संकेतही त्यांपैकीच होता. या व्यवस्थेत विश्रांती भरपूर होती असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल, कारण वेठ, कर्ज आणि बलुत्याची बांधिलकी यांनी कित्येकांना ती नाकारलेलीच होती. पण श्रमाचे साधन, मग ते बैल असो की माग, थकत होते किंवा बाजूला ठेवता येत होते, आणि त्याबरोबर माणसालाही थांबण्यास सबब मिळत होती.

वाफेच्या इंजिनाने ही सबब काढून घेतली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत गिरण्यांची धुराडी परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत दाटीने उभी राहिली. गिरणीतील सर्व यंत्रे एकाच इंजिनाला दांडे आणि पट्टे यांनी जोडलेली असत. इंजिन सुरू झाले की कताईची सगळी चाती आणि विणाईचे सगळे साचे एकदम फिरू लागत, आणि एका माणसाला थांबावेसे वाटले म्हणून त्यांतील काहीही थांबत नसे. साचा म्हणजे गिरणीतील माग, आणि तो चालवणारा तो साचेवाला. इंजिन बंद होण्याचे प्रसंग मोजकेच होते: अंधार पडला म्हणजे, मोठा सण आला म्हणजे आणि यंत्रे साफ करायची वेळ आली म्हणजे. गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत, त्यामुळे कामाचा दिवस ऋतूप्रमाणे ताणला किंवा आखडला जाई. हिवाळ्यात तो सुमारे ११ तासांचा असे, तर उन्हाळ्यात १३ ते १४ तासांपर्यंत जाई. कोकणातून आणि देशावरून आलेला माणूस सूर्याप्रमाणे काम करण्यास सरावलेला होता खरा. पण ज्या उन्हाळ्यात गावी त्याला सवड असे, तोच ऋतू गिरणीत सर्वांत लांब दिवसाचा ठरला.

या काळातील दुपारची अवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढील मागण्यांचे मूळ तिच्यात आहे. जेवणासाठी इंजिन थांबवण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नव्हती. कामगार आळीपाळीने जेवत, म्हणजे एक जण भाकरी खाण्यास बाजूला गेला की शेजारचा स्वतःच्या यंत्राबरोबर त्याचेही यंत्र पाही, आणि मग पहिला परत आला की दुसरा जाई. धागे तुटत राहात, तुटलेला धागा जोडला नाही तर माल बिघडे, आणि बिघडलेल्या मालाबद्दल दंड होई. त्यामुळे खाणाऱ्याचे अर्धे लक्ष यंत्राकडेच असे. कापसाचे तंतू उडत असलेल्या खात्यातच, भिंतीच्या कडेला बसून, घरून किंवा खानावळीतून आलेले अन्न घाईने संपवणे हा रोजचा प्रकार होता. दुसरीकडे गिरणीमालकांची कायमची तक्रार अशी की, कामगार दिवसातून अनेकदा बिडी ओढण्यास, पाणी पिण्यास, अंघोळीस किंवा नुसतेच आवारात बसण्यास खात्याबाहेर जातात, आणि त्यामुळे त्यांचे प्रत्यक्ष काम कागदावरील तासांपेक्षा पुष्कळ कमी भरते. १९०७-०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनसमोर ही तक्रार पुन्हा पुन्हा मांडली गेली. ती खोटी नव्हती. पण ती आळसाचा पुरावा म्हणून मांडली जात असताना तिचा दुसरा अर्थ दुर्लक्षित राहिला. ज्या दिवसात ठरलेली विश्रांती नाही, त्या दिवसात माणूस विश्रांती चोरतो, आणि चोरलेली विश्रांती जॉबरच्या मर्जीवर अवलंबून राहते. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. कामगाराला कामावर घेणे, त्याच्याकडून काम करवून घेणे आणि त्याचे बाहेर जाणे-येणे खपवून घेणे किंवा न घेणे हे सर्व त्याच्याच हाती असे.

कायद्याची पहिली हालचाल मुंबईतील कामगारांपेक्षा लँकेशायरमधील गिरणीमालकांच्या चिंतेतून झाली, ही गोष्ट त्या काळातील वादाला कायमची चिकटून राहिली. इंग्लंडमध्ये कामाचे तास कायद्याने मर्यादित झालेले होते, तेव्हा हिंदुस्थानातील गिरण्या अमर्याद तास चालवून स्वस्त माल काढतात, अशी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची ओरड होती. मुंबई सरकारने १८७५ मध्ये एक चौकशी समिती नेमली, पण तिच्या बहुसंख्य सभासदांना कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी सुधारकाने १८७८ मध्ये स्त्रिया आणि मुले यांच्या कामाचे तास मर्यादित करणारे विधेयक तयार केले, तेव्हा ते मांडण्यास सरकारची परवानगी मिळाली नाही. अखेर १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. त्याने ७ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, ७ ते १२ वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला ९ तासांपुरते मर्यादित केले, त्यांना रोज एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्या देऊ केल्या, आणि चालू यंत्र मुलांकडून साफ करवून घेण्यास बंदी घातली. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्याविषयी या कायद्यात विश्रांतीचा एक शब्दही नव्हता. त्यामुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. ज्या यंत्राजवळ बाप अखंड उभा आहे त्याच खात्यातील मुलाला कागदोपत्री एक तास मोकळा आहे, पण यंत्र चालूच असल्याने तो तास खरोखर मिळाला की नाही हे पाहण्याचा मार्ग नाही.

या कायद्याकडे त्या वेळच्या देशी वर्तमानपत्रांनी मुख्यतः संशयाने पाहिले. वाढू लागलेल्या स्वदेशी उद्योगाला मँचेस्टरने घातलेला हा खोडा आहे, असे कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’सह अनेक पत्रांचे मत होते, आणि त्या मतात तथ्यही होते. कायद्यामागील हेतू शुद्ध नाहीत म्हणून कायदाच नको, इथपर्यंत मात्र ते मत जाऊन पोचले. गोपाळ गणेश आगरकर यांच्या प्रभावाखालील ‘मराठा’ या पुण्याच्या पत्राने या काळात कामगारांची बाजू घेतली, हा महत्त्वाचा अपवाद होय. कामगारांच्या वस्तीतून निघालेला आवाज मात्र सत्यशोधक चळवळीतून आला. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत आणून चालवण्यास घेतले. लोखंडे यांचा जन्म १८४८ मधला, ठाण्याचा. रेल्वे आणि टपाल खात्यातील नोकरीनंतर ते मुंबईतील एका गिरणीत भांडारपाल होते, म्हणजे गिरणीचा व्यवहार त्यांनी आतून पाहिलेला होता. जोतीराव फुले यांच्या विचारांचा वारसा त्यांनी गिरणगावात आणला आणि शेतकरी, अस्पृश्य व शूद्र जातींच्या प्रश्नांना कारखान्यातील श्रमाचा प्रश्न जोडून दिला.

मुंबई सरकारने १८८४ मध्ये दुसरे फॅक्टरी कमिशन नेमले, तेव्हा लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटनाही याच वर्षाची मानली जाते; तिला वर्गणी, सभासद-यादी आणि घटना असलेली आजच्या अर्थाची युनियन म्हणता येत नसले, तरी हिंदुस्थानातील कामगारांच्या नावाने उभ्या राहिलेल्या पहिल्या संस्थांपैकी ती एक होती. निवेदनातील मागण्या पाच होत्या. दर रविवारी विश्रांतीचा एक पूर्ण दिवस मिळावा, दुपारी अर्ध्या तासाची सुटी असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत चुकता व्हावा, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय मिळावी. पाचांपैकी पहिल्या तीन मागण्या विश्रांतीच्या आहेत, आणि त्यांतील पहिली दिवसाच्या पूर्णतेवर भर देते. या भराचे कारण गिरणीच्या रिवाजात सापडते. कित्येक गिरण्यांत रविवारी इंजिन बंद राही ते यंत्रे साफ करण्यासाठी. त्या दिवशी कामगाराला बोलावून साचे, चाती आणि दांडे पुसून घेतले जात, त्यांतील साचलेला कापूस काढून घेतला जाई, आणि दुपारी त्याला सोडले जाई. म्हणजे रविवारी विश्रांती होती ती यंत्राला. माणसाच्या वाट्याला उरलेला अर्धा दिवस येई, आणि काही गिरण्यांत तोही दर आठवड्याला येत नसे. १८८४ च्या मागणीचा रोख या फरकावर होता.

रविवारच का, याचे उत्तर अनेक अंगांनी देता येते. सरकारी कचेऱ्या आणि युरोपीय पेढ्या रविवारी बंद असत, त्यामुळे बंद राहण्यास तो दिवस व्यवहारतः सोयीचा होता. इंग्लंडमधील कामगार कायद्यांचा आधारही त्याला होता. त्याबरोबरच रविवार हा खंडोबाचा वार असून तो बहुजन समाजाच्या कुलदैवताला वाहिलेला आहे, असे समर्थन लोखंडे यांनी केल्याचे मराठीत आवर्जून सांगितले जाते. जेजुरीची वारी, तळी भरणे आणि रविवारचा उपास या गोष्टी गिरणगावातील देशावरच्या कामगारांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या, आणि ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा प्रार्थनेचा दिवस कामगारांना परका वाटू नये, यासाठी असा दुवा उपयोगी पडणे स्वाभाविक होते.

१८८४ नंतरची सहा वर्षे रविवारच्या सुटीची मागणी मान्य झाली नाही. १८९० मध्ये मात्र अनेक दिशांनी दाब आला. त्या वर्षी मार्चमध्ये जर्मन सम्राटाच्या पुढाकाराने बर्लिन येथे युरोपीय राष्ट्रांची कामगारविषयक परिषद भरली आणि तिच्यात रविवारची विश्रांती हा एक मुख्य विषय होता. ब्रिटनने त्या परिषदेत भाग घेतल्यामुळे हिंदुस्थानातील कारखान्यांचा प्रश्न लंडनमध्ये पुन्हा वर आला. मुंबईत २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, ही त्या काळाच्या मानाने असाधारण गोष्ट होती. साप्ताहिक सुटीच्या मागणीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला, आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर सोराबजी बंगाली सभासद होते, आणि मुंबईतील चौकशीपुरते लोखंडे यांनाही त्यात स्थान मिळाले. लोखंडे पुढे रावबहादूर झाले आणि प्लेगच्या साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मालकांच्या संघाने दिलेली सवलत १८९१ च्या कायद्याने बंधनकारक केली. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झालेल्या या कायद्याने रविवारी किंवा त्याऐवजी दुसऱ्या एखाद्या दिवशी साप्ताहिक सुटी दिली. स्त्रियांचे काम ११ तासांपुरते मर्यादित करून त्यांना दीड तासाची विश्रांती ठरवून दिली. मुलांचे वय ९ ते १४ आणि तास ७ केले. विश्रांतीच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मूलगामी तरतूद अशी की, दुपारी १२ ते २ या वेळात काम अर्धा तास पूर्ण थांबले पाहिजे. कामगाराला सुटी द्यावी, एवढेच कायद्याने म्हटले असते तर आळीपाळीची जुनी पद्धत चालूच राहिली असती आणि शेजाऱ्याच्या यंत्राचा भार वाहणारा माणूस कागदावर मोकळा ठरला असता. सर्वांचे काम एकाच वेळी थांबवण्याची सक्ती झाल्यामुळे विश्रांती सर्वांची झाली, तिच्या सुरुवातीला आणि शेवटाला भोंग्याची खूण मिळाली, आणि जॉबरच्या मर्जीचा त्यात संबंध उरला नाही. डबे पोचवण्याचा मुंबईतील धंदा याच सुमारास रूढ झाला. जेवणाची वेळ ठरलेली असल्याशिवाय असा धंदा चालणे कठीण होते. प्रौढ पुरुषांच्या दिवसाच्या तासांना मात्र या कायद्याने हात लावला नाही.

त्या उणिवेचा परिणाम विजेच्या दिव्याने दाखवून दिला. सूर्यास्त ही गिरणीच्या दिवसाची नैसर्गिक मर्यादा होती, आणि १८८४ च्या निवेदनाने तीच मर्यादा गृहीत धरलेली होती. खात्यांत विजेचे दिवे आल्यावर ती मर्यादा नाहीशी झाली. १९०५ च्या तेजीत अनेक गिरण्या १४ ते १५ तास चालू लागल्या, आणि रात्रीची झोप पाच-सहा तासांवर आली. कामगारांनी त्याविरुद्ध निदर्शने केली, वृत्तपत्रांतून टीका झाली, १९०६ मध्ये एक समिती आणि पाठोपाठ १९०७-०८ चे कमिशन नेमले गेले. त्या कमिशनवरील मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी प्रौढ पुरुषांचे तासही सरळ कायद्याने मर्यादित करावेत, असे भिन्न मत नोंदवले. इतर सभासदांना मुले आणि अल्पवयीन यांच्यावर मर्यादा घातली की गिरणी आपोआप लवकर थांबेल, असे वाटत होते. मुलांना थांबवून यंत्र थांबवावे आणि यंत्र थांबवून पुरुषांना थांबवावे, असा हा आडवळणाचा मार्ग होता. १९११ च्या कायद्याने अखेर कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामावर १२ तासांची मर्यादा घातली आणि सहा तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची सुटी आवश्यक ठरवली. सूर्यास्ताने दिलेली रात्र माणसाला आता कायद्याकडून मिळू लागली.

पहिल्या महायुद्धानंतर या मर्यादा वेगाने खाली आल्या. जानेवारी १९२० च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत १० तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तास आणि दिवसाला ११ तास ही कमाल ठरवून विश्रांती एक तासाची केली. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ आणि दिवसाला १० तास ठरले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्ये केलेल्या करारात दर सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती हे तत्त्व होते, आणि हिंदुस्थानने १९२३ मध्ये त्या कराराला मान्यता दिली. मात्र तास कमी होत गेले तसतशा पाळ्या वाढत गेल्या. १९३० नंतरच्या दशकात दोन पाळ्यांत गिरणी चालवण्याची पद्धत मुंबईत पसरली आणि दुसऱ्या महायुद्धात मालाची मागणी वाढताच तिसरी, म्हणजे रात्रपाळीही रुळली. माणसाचे तास मोजले गेल्यामुळे यंत्राचे तास वाढवणे शक्य झाले, आणि इथून दोघांच्या विश्रांतीच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पाळ्यांचा परिणाम गिरणगावातील खोल्यांतही दिसू लागला. दहा बाय बाराच्या खोलीत किंवा गाळ्यात एकाच गावचे दहा-पंधरा पुरुष भागीने राहात. त्यांतील अर्धे कामावर असताना अर्धे झोपत आणि पाळी बदलली की त्याच वळकटीच्या जागेवर दुसऱ्याची वळकटी पसरली जाई. ज्यांना आत जागा मिळत नसे ते चाळीच्या गॅलरीत, जिन्याखाली किंवा पदपथावर पडत. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपायचे असे, आणि तेव्हाच चाळीत नळावरची गर्दी, मुलांचा गलका आणि फेरीवाल्यांच्या हाका चालू असत. कायद्याने दिलेले तास झोपेसाठी पुरेसे असले, तरी ती झोप घ्यायची जागा कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. स्त्री कामगारांच्या बाबतीत तर साप्ताहिक सुटीचा हिशेबच निराळा होता. दळण, धुणे, आठवड्याचा बाजार आणि खानावळ चालवणाऱ्या बाईच्या घरी सुटीच्या दिवशी वाढणारी ताटे, यांमुळे गिरणीतून मिळालेला दिवस घरकामात खर्च होई. पुरुषांच्या रविवारने मात्र गिरणगावाला त्याचे सार्वजनिक जीवन दिले. भजनी मंडळे, तालमी, गावकीच्या बैठका, कामगार रंगभूमीच्या तालमी आणि युनियनच्या सभा यांना सर्वजण एकाच दिवशी मोकळे असणे आवश्यक होते, आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे वर्ग आणि वाचनालयेही या मोकळ्या वेळावरच उभी राहिली.

१९२९ पर्यंतच्या सर्व तरतुदींत एक समान मर्यादा होती: विश्रांती मिळे, पण तिचा पगार मिळत नसे. रविवार ही रोजंदारीवरच्या आणि कामाच्या मापावर मजुरी घेणाऱ्या माणसाची पगाराविना सुटी होती, आणि शिमग्याला किंवा गणपतीला कोकणात गेलेला कामगार बोटीचे भाडे भरून, महिन्याचा पगार सोडून आणि आपली जागा बदलीवाल्याच्या स्वाधीन करून जाई. बदलीवाला म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवसापुरता कामावर घेतला जाणारा माणूस. एकाच्या विश्रांतीवर दुसऱ्याची रोजी अवलंबून असे, आणि काम न मिळालेल्या दिवशी दारावरून परत फिरणाऱ्या बदलीवाल्याच्या रिकामपणाला विश्रांती म्हणणे कोणालाही शक्य नव्हते. या मर्यादेला पहिले भगदाड १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने पाडले. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये त्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. कायद्याने प्रसूतीच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांसाठी मालकाकडून रोख भत्ता ठरवून दिला. यंत्र चालू, काम चालू, आणि तरीही न आलेल्या कामगाराला पैसे देण्याचे बंधन, हे तत्त्व या प्रांतातील गिरण्यांना प्रथमच मान्य करावे लागले. आंबेडकर पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगारांना वर्षभराच्या नोकरीनंतर १० दिवसांची पगारी रजा दिली, तर १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ४८ वर आणले.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात हे सर्व प्रवाह एकत्र आले. आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तास. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. आठवड्यात एक सुटी, आणि ती बदलायची झाली तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत, शिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम सुटीविना घ्यायचे नाही. वर्षभराची नोकरी झालेल्यास पुढील वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. आणि १५० पेक्षा अधिक कामगार असल्यास विश्रांतीगृह व जेवणाची खोली. शेवटच्या तरतुदीने विश्रांतीला वेळेबरोबर जागाही दिली. दुकानांच्या बाबतीत हीच वाटचाल निराळ्या क्रमाने झाली. मुंबई प्रांताचा १९३९ चा दुकाने व संस्था कायदा देशातील अशा प्रकारचा पहिला होता. त्याच्या जागी आलेल्या १९४८ च्या कायद्याने प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे आवश्यक केले, आणि दादरची बाजारपेठ सोमवारी बंद, यासारख्या शहराच्या सवयी त्यातून दृढ झाल्या. दुकान बंद म्हणून नोकर मोकळा, असे हे गिरणीच्या पहिल्या रविवारसारखेच गणित होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकाने सातही दिवस उघडी ठेवण्यास परवानगी दिली आणि त्यातील प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग २४ तासांची सुटी देण्याचे बंधन ठेवले. म्हणजे माणसाची सुटी धंद्याच्या सुटीपासून इथेही पूर्णपणे वेगळी झाली.

ही फारकत कामगाराच्या दृष्टीने प्रगती होती, कारण तिने विश्रांती हा व्यक्तीचा हक्क म्हणून मान्य केला. इंजिन बिघडले, अंधार पडला किंवा बाजार मंदावला म्हणून मिळणारी ती सवड राहिली नाही. परंतु तिची किंमतही दुहेरी होती. एक तर सर्वांची सुटी एका दिवशी येईनाशी झाल्यावर ज्या एकत्र येण्यावर गिरणगावाचे सांस्कृतिक आणि संघटित जीवन उभे होते, त्याचा पाया आखडला. दुसरे म्हणजे कायदा मोडला जात आहे की नाही, हे ओळखण्याची रीत बदलली. १८९१ नंतरच्या इन्स्पेक्टरला रविवारी धुराड्यातून धूर निघतो का आणि दुपारी भोंग्यानंतर काम थांबते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळत असे, आणि जे त्याला दिसे तेच चाळीतील प्रत्येकाला दिसत असे. अखंड चालणाऱ्या कारखान्यात किंवा सातही दिवस उघड्या दुकानात बाहेरून काहीच कळत नाही. कोणत्या माणसाला कोणत्या दिवशी सुटी मिळाली, याचा पुरावा हजेरीपटात असतो, आणि हजेरीपट मालकाच्या हाती असतो. म्हणूनच कंत्राटदाराच्या हाताखालील किंवा कोणत्याही पटावर नाव नसलेल्या कामगाराच्या बाबतीत साप्ताहिक सुटीचे कलम सर्वांत आधी निरुपयोगी ठरते. विश्रांतीचा हक्क यंत्रापासून सोडवून माणसाच्या नावावर करण्यात शंभर वर्षांच्या लढ्याला यश आले. ज्यांचे नावच कोठे नोंदलेले नाही, त्यांच्यापर्यंत ते यश पोचवण्याचे काम त्या लढ्याने अपुरे ठेवलेले आहे.